अंगावर वाढणारी बुरशी



पावसाळा लागला म्हणजे घरोघर बुरशीशीं आपली गांठ पडते. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा गेला कीं त्यावर पांढरा पापुद्रा धरतो, कोनाड्यांत ठेवलेल्या चामड्याच्या जोड्यावर हिरवट लव येते, शिळ्या भाकरीवर दोन दिवसांत काळे ठिपके उठतात. आम्हां खानदेशच्या लोकांना तर बुरशीची ओळख शेतांतच होते. गव्हावरचा तांबेरा, जोंधळ्यावरची काणी, केळीच्या पानांवरचा करपा हे सर्व बुरशीचेच प्रताप आहेत. आमच्या फैजपूरकडचा केळीवाला शेतकरी करप्याचा डाग बांधावरून ओळखतो आणि त्यावर कोणतें औषध केव्हां मारावें हेंही जाणतो. परंतु बुरशी त्याच्या स्वतःच्या मांडीवर उठली, तर तो ‘रक्त बिघडलें’ असें म्हणतो आणि जो जें सांगेल तें मलम चोळीत बसतो. पिकाच्या बाबतींत इतका जागरूक असणारा मनुष्य अंगाच्या बाबतींत इतका भोळा कां, हें कोडें मला पुष्कळ वर्षें पडलेलें आहे. मी वैद्य नव्हे. माझा जन्म शाळामास्तरकींत गेला. तथापि या विषयावर वाचून व जाणत्यांना विचारून जें समजलें, तें सांगतों.

प्रथम बुरशी म्हणजे काय तें पाहूं. आम्ही शिकत होतों तेव्हां पुस्तकांत तिला वनस्पतींच्या पंक्तीस बसविलेलें असे. आतां शास्त्रज्ञांनीं तिला तेथून उठवून स्वतंत्र राज्य दिलें आहे. आणि गंमत अशी कीं, नात्यानें ती झाडांपेक्षां प्राण्यांना अधिक जवळची ठरली आहे. हें नातें पुढें औषधांचा विचार करतांना आपल्याला नडणार आहे, तेवढें ध्यानांत असूं द्यावें. तिच्यांत हरितद्रव्य नाहीं, म्हणून उन्हावर अन्न शिजविणें तिला जमत नाहीं. आपण अन्न पोटांत घालून मग पचवितों. ती पाचक रस बाहेर सोडून अन्न जागच्या जागीं पचविते आणि मग शोषून घेते. तिचें शरीर म्हणजे सुताहून बारीक अशा तंतूंचें जाळें. वंशविस्तारासाठीं ती धुळीसारखे सूक्ष्म बीजाणु हवेंत सोडते, आणि ते आपण प्रत्येक श्वासाबरोबर आंत घेत असतों.

मग आपण सारेच बुरशीनें ग्रासले कां जात नाहीं? एक कारण म्हणजे शरीराची ऊब. आजवर बुरशीच्या सुमारें दीड लाख जातींचें वर्णन झालेलें आहे. त्यांतील बहुतेकींना ३७ अंशांची उष्णता मानवत नाहीं. दुसरें कारण रक्तांतील पांढऱ्या पेशींचा पहारा, आणि तिसरें आपली अभंग कातडी. या तटांना दाद न देणाऱ्या जाती कांहीं शेंच आहेत, आणि त्यांतल्याही पुष्कळ कोणी तरी दार उघडून दिल्यावांचून आंत येत नाहींत. हें दार कोण उघडतें, तें मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे.

परंतु त्याआधीं, आंत न येतां ओसरीवरच मुक्काम ठोकणारी एक जमात आहे, तिची हकीकत सांगितली पाहिजे. आपल्या कातडीचा अगदीं वरचा थर, केस आणि नखें हीं केराटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात. तेथें जीव नाहीं, रक्त पोंचत नाहीं, ऊबही बेताची. ही जमात नेमकें तेंच खाऊन राहते. नायटा, गजकर्ण, पायाच्या बोटांमधल्या पुष्कळशा चिखल्या, लहान मुलांच्या डोक्यावरचे कांहीं प्रकारचे खवडे, जाड व पिवळीं होऊन भुगा होणारीं नखें हीं सर्व तिचींच कामें आहेत. छातीवर व पाठीवर उठणारीं शिबें निराळ्या बुरशीचीं. खरूज मात्र बुरशीची नव्हे, ती एका सूक्ष्म किड्याची. पुष्कळ घरांत या तिन्हींना एकच औषध लावतात, आणि मग गुण येत नाहीं म्हणून औषधाला दोष देतात.

इंग्रजींत नायट्याला ‘रिंगवर्म’ म्हणतात. त्यांत कडें आहे पण किडा नाहीं. कडें कां पडतें, हें समजण्यासारखें आहे. बीजाणु एका ठिकाणीं रुजला म्हणजे तंतू चहूंकडे सारख्या वेगानें पसरतात. मधल्या भागांत शरीराचा प्रतिकार जागा होऊन ती जागा निवळते, आणि कांठावर नवी चढाई चालू राहते. म्हणून मध्यें साफ व कडेला लाल, खवलेदार असें वलय दिसतें. खरी बुरशी त्या कडेवर असते. मलम लावणारा मात्र पुष्कळदां मधल्या खाजऱ्या भागावरच बोट फिरवितो.

एका गोष्टीचा येथें उल्लेख करतों, कारण ती पाठ्यपुस्तकांत क्वचित् आढळते. सूक्ष्म जीवांमुळें रोग होतो, हें ज्ञान आपण पाश्चर व कॉक यांच्या नांवावर जमा करतों. परंतु त्यांच्या पूर्वीं, १८३५ सालीं, इटलींतील आगोस्तिनो बास्सी यांनीं रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीनें होतो हें सिद्ध केलें होतें, आणि १८४० नंतरच्या दोन-चार वर्षांतच पॅरिसमध्यें डेव्हिड ग्रुबी यांनीं मुलांच्या डोक्यावरच्या खवड्यांत बुरशी दाखवून दिली. म्हणजे रोगजंतूंच्या शास्त्राचा श्रीगणेशा बुरशीनें झाला. पुढें कॉलरा व क्षय यांचे जंतू सांपडले, सर्वांचें लक्ष तिकडे गेलें, आणि बुरशी मागच्या बांकावर बसली ती जवळजवळ आजपर्यंत.

मागच्या बांकावरून आठवलें. पूर्वीं कित्येक शाळांत डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडलेल्या मुलाला शेवटच्या बांकावर एकटें बसविण्याची चाल होती. त्यांत थोडें तथ्य होतें, कारण हा रोग टोपींतून, फणींतून, न्हाव्याच्या यंत्रांतून पसरतो. पण त्या मुलाला औषध देण्याची तजवीज मात्र सहसा कोणी करीत नसे. वास्तविक एका बुरशींतूनच काढलेलें ग्रिसिओफुल्विन नांवाचें औषध १९३९ सालीं हातीं आलेलें होतें आणि १९५८ पासून तें पोटांत देऊन गजकर्ण बरें करतां येऊं लागलें होतें. नुसतें वरून लावून डोक्यावरचा रोग जात नाहीं. केसाच्या मुळाशीं बसलेल्या बुरशीपर्यंत मलम पोंचत नाहीं.

आतां दार उघडण्याची पहिली रीत पाहूं. ती म्हणजे कांटा. आणि याची कथा आपल्या महाराष्ट्रांतलीच आहे. १८५८ सालीं लंडनमध्यें ग्रे यांचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याच्या नव्या आवृत्त्या वैद्यकीचे विद्यार्थी आजही चाळतात. त्या पहिल्या ग्रंथांतील चित्रें काढणारे तरुण डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे त्याच वर्षीं मुंबईस सरकारी नोकरींत आले. त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविलें, आणि पुढें कांहीं वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केलें. ग्रंथावर नांव ग्रे यांचें राहिलें, चित्रकाराला जग विसरलें. पण या गृहस्थानें आपल्या कुणब्यांच्या पायांसाठीं जें केलें, तें मला त्या चित्रांहून मोठें वाटतें.

त्यांच्यापुढें असे शेतकरी येत, कीं ज्यांचा एक पाय वर्षानुवर्षें सुजून बेढब झालेला असे. वेदना फार नसत, म्हणून रोगी उशीरा येई. सुजेवर जागोजाग छिद्रें पडून त्यांतून पू वाहे, आणि त्या पुवांत माशाच्या गाभोळीसारखे किंवा बंदुकीच्या दारूसारखे दाणे असत. कोणाचे काळे, कोणाचे पांढरट, क्वचित् तांबूस. मद्रास इलाख्यांत १८४० नंतर हा रोग नोंदला गेला होता व ‘मदुरेचा पाय’ म्हणून ओळखला जात होता. कार्टर यांनीं ते दाणे सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले, त्यांत तंतूंचें जाळें पाहिलें, आणि रोगाला ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गांठ, असें नांव दिलें. १८७४ सालीं त्यांनीं याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं पाय कापून टाकण्यापलीकडे इलाज नव्हता. कापलेल्या पायाची हाडें पोखरून दाण्यांनीं भरलेलीं असत.

त्यांच्या कामांत सर्वच खरें ठरलें असें नाहीं. रोग्याच्या पायांतून मिळालेल्या द्रव्यावर एक गुलाबी बुरशी उगवली, तिला इंग्लंडमधील बर्कली यांनीं कार्टर यांचेंच नांव दिलें. पण ती रोगाचें कारण नव्हती, बाहेरून येऊन बसलेली पाहुणी होती. पुढें असेंही उघड झालें कीं, या रोगाचे दोन भाऊ आहेत. एकांत खरी बुरशी असते. दुसऱ्यांत तंतूसारखे वाढणारे, बुरशीचा आव आणणारे जीवाणु असतात. हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. जीवाणूंचा प्रकार प्रतिजैविक औषधांना पुष्कळ अंशीं वश होतो; बुरशीच्या प्रकाराला महिनोन्‌महिने इट्राकोनॅझोलसारखें औषध आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते. काळे दाणे हें बुरशीच्या प्रकाराचें लक्षण. पांढऱ्या दाण्यांवरून कांहींच ठरत नाहीं, ते तपासावेच लागतात.

आणि हें सर्व सुरू होतें तें बहुधा अनवाणी पायांत रुतलेल्या एखाद्या कांट्यापासून. मातींत निमूटपणें राहणारी बुरशी कांट्यावर बसून कातडीखालीं जाते. कांटा निघतो, जखम भरते, माणूस विसरून जातो, आणि वर्ष-दोन वर्षांनीं तेथें एक न दुखणारी गांठ दिसूं लागते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं हा रोग आपल्या उपेक्षित रोगांच्या यादींत घेतला. कार्टर यांच्या ग्रंथाला तेव्हां १४२ वर्षें झालीं होतीं. हा रोग गरिबाच्या पायाला होतो, एवढेंच या दिरंगाईचें कारण मला दिसतें.

पायाला कांटा, तसें डोळ्याला कुसळ. कणसें खुडतांना, मळणींत किंवा उसाचें पाचट काढतांना पात्याचा ओझरता फटका डोळ्याला बसतो, आणि चार-सहा दिवसांनीं बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर पांढुरका ठिपका येतो. त्यांत बहुधा ॲस्परजिलस किंवा फ्युझेरियम या कुळांतली बुरशी निघते. फ्युझेरियम हें नांव केळीवाल्यांनीं ऐकलेलें असेल. केळीची बाग वाळवून टाकणारा मर रोग याच कुळांतल्या एका जातीचा. डोळ्यांतल्या या दुखण्यावर नाटामायसिनचे थेंब गुणकारी आहेत, पण ते वेळेवर, दीर्घकाळ आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं पडले पाहिजेत. घरांत कोणाचे तरी ‘लाली घालविणारे’ उरलेले थेंब असतात, ते मात्र घातक ठरतात. त्यांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें.

हा स्टेरॉइड शब्द आतां वारंवार येणार आहे, म्हणून त्याचा खुलासा करतों. शरीरांत शत्रू शिरला म्हणजे जागा लाल होते, सुजते, खाजते किंवा ठणकते. हा रोग नव्हे, ही आपल्या शिपायांची धांवपळ. स्टेरॉइड हें द्रव्य ती धांवपळ थांबवितें. दम्यांत, संधिवातांत, कित्येक प्राणसंकटांत तें अमृतासारखें उपयोगी पडतें, कारण तेथें धांवपळच अनावर झालेली असते. परंतु जेथें शत्रू बुरशी आहे, तेथें स्टेरॉइड एकटेंच देणें म्हणजे शेताच्या राखणदाराला गुंगीचें औषध पाजण्यासारखें आहे. गलका थांबतो, पीक मात्र चाललेलें असतें.

याचें भयंकर रूप आपण २०२१ सालीं पाहिलें. कोविडच्या दुसऱ्या लाटेंत जे वांचले त्यांतल्या कित्येकांना ‘काळी बुरशी’ झाली, आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत तिचे रोगी फार होते. त्या वर्षीं मे महिन्यांत केंद्र सरकारनें प्रत्येक रोग्याची खबर देण्याविषयीं राज्यांना कळविलें. खरें पाहतां ही बुरशी काळी नसते. शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या म्यूकर-ऱ्हायझोपसच्या मंडळींतलीच ती एक. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून रक्त गोठवितात, आणि रक्तावांचून मेलेलें मांस काळें पडतें. निरोगी माणसाला ती सहसा कांहीं करीत नाहीं. परंतु रक्तांत साखर बेसुमार वाढलेली, त्यांत कोविडवरचीं स्टेरॉइडें कित्येकांना गरजेहून अधिक दिवस दिलेलीं, असें झालें कीं नाकावाटे गेलेला बीजाणु गालाच्या हाडापर्यंत, डोळ्यापर्यंत, प्रसंगीं मेंदूपर्यंत पोंचतो. कित्येकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला. नाकांतून काळपट स्राव, गालाच्या एका बाजूला सूज वा बधिरपणा, दांत हलूं लागणें, एकाचे दोन दिसणें हीं मधुमेह्याच्या बाबतींत तासांत मोजण्याचीं लक्षणें आहेत, दिवसांत नव्हे.

मधुमेहाचा आणखी एक सोबती म्हणजे कँडिडा. ही आपल्या तोंडांत व आंतड्यांत मुकाट्यानें राहणारी यीस्टच्या जातीची बुरशी. तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा थर, सतत पाण्यांत हात असणाऱ्या बायकांच्या बोटांमधल्या चिरा व सुजलेलीं नखांचीं मुळें, स्त्रियांना होणारी अंगावरची खाज, हीं तिचीं किरकोळ रूपें. हिचीच एक बहीण, कँडिडा ऑरिस, २००९ सालीं जपानांत एका रुग्णाच्या कानांत सांपडली आणि तेव्हांपासून जगभरच्या मोठ्या रुग्णालयांची झोंप उडवीत आहे, कारण ती बहुतेक औषधांना जुमानत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं घातक बुरशींची जी पहिली यादी केली, तिच्यांतील १९ नांवांत ही अगदीं वरच्या चारांत आहे.

औषधांचा तुटवडा कां, याचें उत्तर मघां सांगितलेल्या नात्यांत आहे. जीवाणूची घडण आपल्याहून इतकी वेगळी, कीं त्याला मारणारें व आपल्याला न मारणारें औषध शोधणें त्या मानानें सोपें. बुरशी जवळची नातलग. तिला मारावयास जावें तर घाव आपल्याही पेशींना बसतो. जो थोडा भेद आहे तो तिच्या पेशींच्या पडद्यांतल्या एर्गोस्टेरॉल या द्रव्याचा, आणि आपलीं बहुतेक औषधें तेवढ्याच एका फटींतून वार करतात. काळ्या बुरशीवरचें ॲम्फोटेरिसिन हें त्यांतलेंच एक. व्हेनेझुएलांतील मातींत सांपडलेल्या जीवाणूपासून तें निघालें. अमेरिकेंत एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन स्त्रियांनीं १९५० सालीं निस्टॅटिन जगापुढें मांडलें, तेंही मातींतूनच. आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांत थिरुमलाचार यांनीं १९६० च्या सुमारास हमायसिन नांवाचें बुरशीनाशक शोधून काढलें. ज्या जीवाणूपासून तें मिळालें त्याचें शास्त्रीय नांव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असें आहे. पिंपरीचें नांव लॅटिन वेषांत जगाच्या ग्रंथांत गेलें, हें आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

आतां ओसरीवरच्या नायट्याकडे येतों, कारण घरोघर आहे तो तोच. पूर्वीं त्यावर उपाय नव्हते असें नाहीं. संस्कृतांत नायट्याला दद्रु म्हणतात, आणि पावसाळ्यांत बांधावर माजणाऱ्या आपल्या टाकळ्याचें एक नांव ‘दद्रुघ्न’ आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारांत ‘गोवा पावडर’ नांवाची पूड प्रसिद्ध होती. ती गोव्याहून येई म्हणून हें नांव. मूळची ती ब्राझीलमधील अरारोबा झाडाची. गुण येई, पण कपडे डागळत आणि डोळ्याला लागली तर मोठी आग होई. त्यानंतर लंडनच्या व्हिटफील्ड यांचें बेंझोइक व सॅलिसिलिक आम्लांचें मलम आलें. हे उपाय झोंबत, मंद चालत. पण बुरशीला खाऊं घालीत नसत.

आज दुकानांत मिळणाऱ्या कित्येक मलमांच्या नळींत तीन-चार औषधांची खिचडी असते: एक बुरशीवरचें, एक-दोन जीवाणूंवरचीं, आणि एक जबरदस्त स्टेरॉइड. लावल्याबरोबर खाज थांबते, लाली जाते, मनुष्य खूष होऊन मलम बंद करतो. आठ दिवसांत चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग पुन्हां तीच नळी. आमच्या गल्लींतल्या एका घरांत एक नळी सासूपासून नातवापर्यंत पांच जणांत फिरत होती. दीड वर्षानें सगळ्यांच्या कमरा आणि जांघा भरलेल्या, मोठ्या मुलीच्या मांडीवर कातडी पातळ होऊन उभे पांढरे वण पडलेले. असे वण पुसले जात नाहींत. चट्ट्याचें गोल रूपही मोडतें, आणि मग डॉक्टरलाही हा नायटाच कीं दुसरें कांहीं, हें नुसत्या नजरेनें ओळखतां येत नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. ती किती पाळली जाते, हें आपण आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत उभे राहून पहावें.

त्यांतच दुसरें संकट उभें राहिलें. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत नायट्याची बुरशीच बदलली. २०२० सालीं जपानी संशोधकांनीं भारतीय व नेपाळी रोग्यांच्या अंगावरून मिळालेल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असें नांव दिलें. टर्बिनाफिन हें नायट्यावरचें हुकमी औषध. या बुरशीपुढें तें पुष्कळदां थिटें पडतें. ती आतां युरोप-अमेरिकेंतही पोंचली आहे, आणि तिच्या नांवांतला ‘इंडो’ आपलाच आहे. कित्येक त्वचातज्ज्ञ या प्रसाराचा संबंध याच मिश्र मलमांशीं जोडतात.

म्हणून चट्टा दिसला तर मलम लावण्यापूर्वीं डॉक्टरांना त्याच्या कडेची खरवड तपासण्याविषयीं विचारावें. कांचेच्या पट्टीवर ती खरवड घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. थोड्या वेळांत कातडी विरघळते आणि बुरशीचे तंतू उघडे पडतात. ही तपासणी फार खर्चाची नाहीं. औषध चट्ट्याच्या बाहेर दोन बोटें अधिक लावावें, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा दोन आठवडे तरी, चालू ठेवावें. पायाच्या अंगठ्याचें नख असेल तर तें पूर्ण नवें यावयास वर्ष-दीड वर्ष लागतें, तोंवर धीर धरावा. घरांत एकाला असेल तर सर्वांची अंगें पहावीं आणि ज्यांना असेल त्या सर्वांवर एकदमच इलाज करावा. पंचा व टॉवेल प्रत्येकाचा निराळा असावा. कपडे गरम पाण्यांत धुऊन, उलटे करून कडक उन्हांत वाळवावे. परकराची नाडी रोज त्याच जागीं ओली राहते, तेथें कमरेभोंवतीं पट्टा उठतो. ती सैल बांधावी व बदलावी. मुलांच्या कमरेचा करदोटा आणि मनगटांतले गंडे-दोरे यांतही बुरशी टिकून राहते. इलाज पुरा होईपर्यंत ते काढून ठेवावे.